सेटअप.पायमधलं काय टॉमलमध्ये न्यावं आणि काय तिथेच राहू द्यावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कंपनीत पायथनची दोन अंतर्गत पॅकेजेस आहेत. एक अहवाल तयार करणारं, शुद्ध पायथनमधलं. दुसरं छोटं, पण त्यात सी भाषेतलं एक एक्स्टेन्शन आणि त्याला नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) लागतं. दोन्हींच्या सेटअप.पाय, म्हणजे पॅकेज कसं बांधायचं ते सांगणाऱ्या पायथन फाईल्स, वर्षानुवर्षं फुगत गेल्यात. आता वरून फर्मान आलंय की सगळं पायप्रोजेक्ट.टॉमलमध्ये (हीच माहिती कोडशिवाय, नुसती लिहून ठेवायची फाईल) हलवा आणि सेटअप.पाय काढून टाका. तुम्ही सुरुवात केली, तर तुमच्या मशीनवर सगळं चालतं, बिल्ड सर्व्हरवरून आलेल्या पॅकेजमध्ये मात्र एचटीएमएल टेम्प्लेट्स नाहीत. विंडोजवाल्या सहकाऱ्याकडे इन्स्टॉल करतानाच यूनिकोडची एरर येते. आणि जोडीला विचारलंय की याच झटक्यात पोएट्री किंवा हॅच या पॅकेज बांधायच्या दुसऱ्या साधनांवर जावं का.

आधी थोडक्यात: पहिल्या पॅकेजची सेटअप.पाय पूर्ण जाऊ शकते. दुसऱ्याची जाऊ नये. ती दहा-पंधरा ओळींची होऊन राहील, आणि त्यात काहीही चूक नाही. सेटअप.पाय ही फाईल बाद झालेली नाही. बाद झालंय ते तिला कमांडसारखं चालवणं, म्हणजे 'पायथन सेटअप.पाय इन्स्टॉल' वगैरे. सेटअपटूल्सची (पॅकेज बांधणारं नेहमीचं साधन) कॉन्फिगरेशन म्हणून ती आजही वैध आहे. हा फरक वरच्यांना समजावून सांगा, म्हणजे अर्धं काम हलकं होईल.

आता हे स्थलांतर करायचं कशासाठी? फाईल छोटी दिसते म्हणून नव्हे. पॅकेजचं नाव काय, आवृत्ती कोणती, कशावर अवलंबून आहे, हे बाहेरच्या कुणालाही तुमचा कोड न चालवता वाचता आलं पाहिजे, यासाठी. कुठली ओळ टॉमलमध्ये जाईल आणि कुठली नाही, हे ठरवताना मी हाच एक प्रश्न विचारतो. उत्तर कोड चालवल्याशिवाय सांगता येतं का? येत असेल तर ते जाहीर करा. येत नसेल तर ते कोडमध्येच राहू द्या. ओढूनताणून टॉमलमध्ये कोंबू नका.

डिस्टयुटिल्स ही पॅकेज बांधायची जुनी सोय २००० साली पायथनमध्ये आली तेव्हा सेटअप.पाय हा साधा प्रोग्रॅम होता आणि तेवढ्यावर भागत होतं. अडचण झाली ती पॅकेजेस एकमेकांवर अवलंबून राहू लागल्यावर. तुमच्या दुसऱ्या पॅकेजचंच बघा. सेटअप.पायच्या वरच्या ओळींतच 'इम्पोर्ट नमपाय' आहे, कारण सीला लागणाऱ्या हेडर फाईल्स कुठे आहेत ते नमपायलाच विचारावं लागतं. पण बिल्डसाठी नमपाय लागतं हे पिपला (पॅकेजेस इन्स्टॉल करणारं साधन) कळणार कुठून? सेटअप.पाय चालवल्यावर. आणि ती चालणार कधी? नमपाय आधीच असेल तर. 'सेटअप_रिक्वायर्स' नावाचा उपाय होता, पण तोसुद्धा त्याच फाईलच्या आत लिहायचा, त्यामुळे वाचायचा तर फाईल चालवणं आलंच. हा तिढा २०१६च्या पेप ५१८ने (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा अधिकृत प्रस्ताव) सोडवला: बिल्डला काय लागतं ते वेगळ्या, निव्वळ वाचायच्या फाईलमध्ये लिहा. पायप्रोजेक्ट.टॉमलचा जन्म तिथला. पुढे पेप ५१७ने बिल्ड करणारं साधन बदलता येण्याची सोय केली, आणि पेप ६२१ने नाव, आवृत्ती, डिपेन्डन्सी (लागणारी इतर पॅकेजेस) यांसाठी सर्वांना समान असा 'प्रोजेक्ट' तक्ता दिला. सेटअपटूल्स तो तक्ता वाचू लागलं २०२२ मध्ये, आवृत्ती ६१पासून. त्यामुळे तुमच्या बिल्ड-रिक्वायर्समध्ये, म्हणजे टॉमलमधल्या बिल्डला लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत, सेटअपटूल्सची किमान आवृत्ती लिहिलेली हवी. नुसतं 'सेटअपटूल्स' लिहून सोडू नका.

आता तुमच्या पहिल्या पॅकेजमधली एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही पण मला सगळ्यात धोक्याची वाटते. वर्णनात तुम्ही सहज लिहून गेलात की 'विंडोज असेल तर पायविन३२ (फक्त विंडोजची लायब्ररी) यादीत घालतो'. म्हणजे सेटअप.पायमध्ये एक 'इफ' आहे. हा इफ चालतो कधी? व्हील, म्हणजे इन्स्टॉलसाठी तयार पॅकेज, बांधताना, आणि बांधणाऱ्याच्या मशीनवर. तुमचा बिल्ड सर्व्हर लिनक्सचा. तिथे इफ खोटा ठरतो, पायविन३२ यादीत येत नाही, आणि तयार झालेल्या व्हीलच्या मेटाडेटामध्ये (पॅकेजची माहिती असलेली फाईल) तशीच यादी कायमची छापली जाते. व्हील शुद्ध पायथनचं असल्यामुळे त्याच्या नावावर 'कुठेही चालेल' असा शिक्का असतो. विंडोजवाला ते बिनतक्रार इन्स्टॉल करतो आणि चालवताना इम्पोर्ट एरर खातो. मग तो स्वतःच्या मशीनवर रेपोमधून इन्स्टॉल करून बघतो, तर (यूनिकोडची एरर आधी मिटवलेली असेल तर) सगळं ठीक, कारण आता इफ त्याच्याकडे चालला. असल्या बगवर लोक आठवडे घालवतात.

टॉमलमध्ये इफ लिहिताच येत नाही आणि हीच त्याची मोठी सोय आहे. तिथे डिपेन्डन्सीच्या ओळीतच अर्धविराम देऊन अट जोडायची: पायविन३२, पुढे 'सिस_प्लॅटफॉर्म बरोबर विन३२'. ही अट न सोडवता जशीच्या तशी मेटाडेटात जाते आणि इन्स्टॉल करणाऱ्याच्या मशीनवर तपासली जाते. लॉक फाईल (नेमक्या आवृत्त्यांची यादी) बनवणाऱ्या साधनांनाही हेच हवं असतं. लिनक्सवर बसून विंडोजसाठी काय लागेल ते त्यांना ठरवायचं असतं, आणि तुमचा इफ चालवून त्यांना ते कधीच कळणार नाही. तेव्हा सेटअप.पायमधला प्रत्येक इफ शोधा आणि विचारा: हा निर्णय बांधतानाचा आहे की वापरतानाचा? डिपेन्डन्सीचे जवळपास सगळे निर्णय वापरतानाचे निघतात.

यूनिकोडच्या एररकडे येतो. तुमचं रीडमी मराठीत आहे असं म्हणालात, आणि सेटअप.पाय ते 'ओपन' करून एन्कोडिंग न सांगता वाचते. विंडोजवर आजच्या बहुतेक पायथन आवृत्त्या अशा वेळी सिस्टमचं कोडपेज धरतात, बहुधा सीपी१२५२. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. अक्षराचा पाय मोडण्याची जी खूण आहे तिचा शेवटचा बाइट ८डी, आणि सीपी१२५२ मध्ये त्या जागी काहीच नाही. म्हणजे रीडमीत पहिलं जोडाक्षर आलं की वाचन कोसळतं. 'ए' आणि 'झ' यांचंही तसंच. अशी अक्षरं मजकुरात नसतील तर बाकीची एरर न देता नुसती कचरा होऊन आत जातात. टॉमलमध्ये 'रीडमी' या कीसमोर फक्त फाईलचं नाव लिहायचं. वाचायचं काम सेटअपटूल्सचं, आणि ते यूटीएफ-८ धरूनच वाचतं. स्वतः टॉमल फाईलही नियमानेच यूटीएफ-८ असते. लेखकाचं नाव, वर्णन हे देवनागरीत बिनधास्त लिहा. पॅकेजचं नाव तेवढं रोमन अक्षरं, अंक, टिंब, हायफन आणि अंडरस्कोर यांतच बसवावं लागतं. त्यात हायफन, अंडरस्कोर आणि टिंब एकच मानले जातात, त्यामुळे या चिन्हांपुरता फरक असलेली दोन नावं ठेवू नका.

टॉमल लिहिताना एक खड्डा हमखास येतो. चौकटी कंसातलं शीर्षक दिलं की पुढचं शीर्षक येईपर्यंतच्या सगळ्या ओळी त्या तक्त्याच्या होतात. मोकळी ओळ सोडून किंवा समास सोडून काही फरक पडत नाही. लोक 'प्रोजेक्ट.यूआरएल्स' हा तक्ता मध्येच लिहितात आणि त्याखाली 'डिपेन्डन्सीज' देतात. आता डिपेन्डन्सी यूआरएलच्या पोटात गेल्या. सेटअपटूल्स तक्रार करतं ते 'प्रोजेक्ट.यूआरएल्स.डिपेन्डन्सीज' स्ट्रिंग हवी अशी, आणि माणूस डिपेन्डन्सीच्या यादीत चूक शोधत बसतो. साध्या की सगळ्या वर, उपतक्ते सगळे खाली, एवढी शिस्त पाळा.

लायसन्सची पद्धतही बदललीये. पूर्वी तिथे छोटा तक्ता असायचा. पेप ६३९नंतर साधी स्ट्रिंग, 'एमआयटी' किंवा 'अपाची-२.०' अशी ठरावीक संज्ञा. ती लिहिलीत तर क्लासिफायर्समधली (पॅकेजचं वर्गीकरण सांगणारी यादी) लायसन्सची जुनी ओळ काढा. दोन्ही ठेवली तर नवं सेटअपटूल्स बिल्डच नाकारतं.

गायब टेम्प्लेट्स. यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. तुमच्या मशीनवर तुम्ही एडिटेबल इन्स्टॉल केलेलं आहे, म्हणजे पायथन थेट तुमच्या सोर्स फोल्डरमधून वाचतो. तिथे टेम्प्लेट्स आहेतच. पॅकेजमध्ये काय भरलं गेलं याची परीक्षा त्या इन्स्टॉलमध्ये होतच नाही. एडिटेबल इन्स्टॉल रोजच्या कामासाठी उत्तम, पण 'पॅकेज बरोबर बांधलंय' याचा पुरावा म्हणून त्याला शून्य किंमत.

दुसरी गोष्ट बिल्ड सर्व्हरवरची. तिथे 'पायथन -एम बिल्ड' चालवता. ही कमांड आधी एसडिस्ट, म्हणजे सोर्सची एक बांधलेली फाईल, बनवते, ते तात्पुरत्या जागी उघडते आणि त्यातून व्हील बांधते. तुमच्या फोल्डरमधून नाही. म्हणजे जी फाईल एसडिस्टमध्ये गेली नाही ती व्हीलमध्ये येण्याचा प्रश्नच नाही. डब्यात भाजी भरलीच नाही तर ऑफिसात ती कुठून निघणार, इतकं साधं आहे ते. पायथनच्या फाईल्स सेटअपटूल्स आपोआप घेतं. एचटीएमएल, सीएसव्ही, फॉन्ट या गोष्टी तुम्ही सांगितल्या तरच. सांगायचे दोन मार्ग: मॅनिफेस्ट.इन फाईल, किंवा टॉमलमध्ये 'टूल.सेटअपटूल्स.पॅकेज-डेटा' तक्ता, ज्यात डावीकडे पॅकेजचं नाव आणि उजवीकडे नमुने. माझा कल दुसऱ्याकडे. या तक्त्यात लिहिलेल्या फाईल्स एसडिस्ट आणि व्हील दोन्हींत जातात, आणि माहिती एकाच फाईलमध्ये राहते. मॅनिफेस्ट.इन ठेवा ती फक्त व्हीलमध्ये नको पण एसडिस्टमध्ये हव्या अशा फाईल्ससाठी; टेस्टचा नमुना डेटा, सीची हेडर्स वगैरे.

याच ठिकाणी फोल्डरची रचनाही सुधारून घ्या. रेपोच्या मुळाशी 'अ‍ॅप' आणि 'डेटा' अशी दोन फोल्डर्स शेजारी असतील आणि पॅकेजेस कुठली ते तुम्ही लिहिलं नसेल, तर सेटअपटूल्स अंदाज न करता एरर देऊन थांबतं. ते थांबतं हे चांगलंच आहे. सगळा कोड 'एसआरसी' फोल्डरखाली न्या. शोध सोपा होतो, आणि टेस्ट चालवताना चुकून सोर्समधूनच इम्पोर्ट होण्याची शक्यताही जाते. आणखी एक: 'बिल्ड' नावाचं जुनं फोल्डर पडलेलं असेल आणि तुम्ही थेट व्हील बांधत असाल, तर महिन्याभरापूर्वी डिलीट केलेली मॉड्यूल्स नव्या व्हीलमध्ये शिरू शकतात. फोल्डर उडवून मग बांधा.

आवृत्तीचा आकडा हाताने लिहायचा की गिट टॅगवरून काढायचा? दोन्ही चालतं. 'डायनॅमिक' यादीत 'व्हर्जन' लिहिलंत की तुम्ही जाहीर करता की हे उत्तर बांधताना मिळेल. प्रामाणिक पळवाट आहे ती. पॅकेजच्या आतल्या एखाद्या चलाकडे बोट दाखवलंत तर सेटअपटूल्स आधी ती फाईल न चालवता, नुसती वाचून मूल्य काढायचा प्रयत्न करतं. त्यामुळे तिथे सरळ स्ट्रिंग ठेवा, जोडाजोडी करू नका. टॅगवरून आवृत्ती काढणारं सेटअपटूल्स-एससीएम वापरणार असाल तर बिल्ड सर्व्हर रेपोची पूर्ण प्रत घेतो का ते बघा. गिटहबच्या चेकआउट अ‍ॅक्शनमध्ये मूळ सेटिंग शेवटच्या एकाच कमिटचं आहे. टॅग सापडत नाही आणि आवृत्ती ०.१.डेव्ह१ अशी काहीतरी निघते. 'फेच-डेप्थ' हे सेटिंग शून्य ठेवा, म्हणजे सगळा इतिहास येतो. अंतर्गत पॅकेजसाठी मी तरी आकडा हातानेच लिहितो. रिलीज करणाऱ्याने एक ओळ बदलावी, एवढा त्रास परवडतो.

डेव्हलपरची साधनं, म्हणजे पायटेस्ट, लिंटर वगैरे, 'ऑप्शनल-डिपेन्डन्सीज'मध्ये घालू नका. ते तुमच्या व्हीलच्या मेटाडेटात जाऊन सगळ्या टीम्सना दिसतं. पेप ७३५ने 'डिपेन्डन्सी-ग्रुप्स' हा वेगळा तक्ता दिलाय, तो रेपोपुरताच राहतो.

आता दुसरं पॅकेज. नाव, आवृत्ती, डिपेन्डन्सी हे सगळं त्याचंही टॉमलमध्ये. बिल्ड-रिक्वायर्समध्ये सेटअपटूल्ससोबत नमपाय. नमपाय २ घेऊन बांधलेलं एक्स्टेन्शन वापरताना नमपाय १च्या अलीकडच्या आवृत्त्यांवरही चालतं, त्यामुळे बिल्डसाठी दोनच धरा. पूर्वी जुन्यात जुनं नमपाय शोधून बांधायची जी कसरत होती ती संपली. पण हेडरचा रस्ता नमपायचं फंक्शन बोलावूनच मिळतो, आणि तो बांधणाऱ्याच्या मशीनवरच ठरतो. म्हणजे वरच्या कसोटीवर हा खराखुरा कोड आहे. सेटअपटूल्सने अलीकडे एक्स्टेन्शन टॉमलमध्ये लिहायची प्रायोगिक सोय दिलीये, पण फंक्शन तिथेही बोलावता येत नाही. तेव्हा सेटअप.पायमध्ये फक्त एक्स्टेन्शनची व्याख्या ठेवा. बाकी एक अक्षर नको. नाव दोन ठिकाणी लिहिलंत तर कधी ना कधी ते वेगळं होणार.

वेगळ्या बिल्ड वातावरणाबद्दल लोक कमी बोलतात, म्हणून जरा थांबून सांगतो. पिप आणि बिल्ड दोन्ही एक रिकामं तात्पुरतं वातावरण उभं करतात, त्यात तुमच्या बिल्ड-रिक्वायर्समधली पॅकेजेस ताजी उतरवतात आणि तिथे बांधतात. तुमच्या व्हर्चुअल एन्व्हायरनमेंटमधलं सेटअपटूल्स वापरलंच जात नाही. मार्च २०२५ मध्ये याचा चटका अनेकांना बसला. सेटअपटूल्स ७८.०.० ने सेटअप.सीएफजी या जुन्या कॉन्फिगरेशन फाईलमधली हायफनवाली जुनी स्पेलिंग्ज, उदाहरणार्थ 'डिस्क्रिप्शन-फाईल', स्वीकारणं बंद केलं. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली एसडिस्ट्स अचानक बांधली जाईनात, कारण त्यांनी सेटअपटूल्सला वरची मर्यादा घातलेली नव्हती आणि प्रत्येक बिल्ड ताजं सेटअपटूल्स घेत होता. लगेच आलेल्या ७८.०.२ ने तो बदल मागे घेतला. यातून दोन गोष्टी करा. तुमच्याकडे सेटअप.सीएफजी उरली असेल तर तीही याच फेरीत टॉमलमध्ये रिकामी करा. आणि बिल्ड सर्व्हरवर बिल्डच्या साधनांच्या आवृत्त्या कन्स्ट्रेंट फाईलने बांधून ठेवा. नव्या पिपमध्ये आणि यूव्हीमध्ये (पिपसारखंच दुसरं साधन) त्यासाठी बिल्ड-कन्स्ट्रेंट असा वेगळा पर्यायच आहे. पॅकेजच्या टॉमलमध्ये मात्र वरची मर्यादा नको, नाहीतर पुढच्या पायथनवर बांधताना तीच आडवी येते. तसंच, तुमचा सर्व्हर इंटरनेटला जोडलेला नसेल तर हे तात्पुरतं वातावरणही तुमच्या अंतर्गत इंडेक्सवरूनच, म्हणजे कंपनीतल्या पॅकेजेसच्या साठ्यावरूनच, भरलं जाणार. सेटअपटूल्स आणि नमपाय तिथे ठेवलेत ना ते बघा.

पोएट्री की हॅच? या फेरीत दोन्ही नको. 'प्रोजेक्ट' तक्ता सगळ्यांचा सारखाच असल्यामुळे तो एकदा नीट लिहिला की बॅकएंड (प्रत्यक्ष बांधणारं साधन) बदलणं म्हणजे 'बिल्ड-सिस्टम'च्या दोन ओळी आणि 'टूल'खालचा एक तक्ता, एवढंच उरतं. पहिल्या पॅकेजसाठी पुढे हॅचलिंग (हॅचचं बॅकएंड) घ्यायला माझी हरकत नाही. गिटने दुर्लक्षित केलेल्या फाईल्स सोडून पॅकेज फोल्डरमधलं सगळं ते मुळातच घेतं, त्यामुळे टेम्प्लेट्सची कटकट संपते. दुसऱ्याला, सीचा भाग वाढत गेला तर, मेसन-पायथन किंवा सायकिट-बिल्ड-कोअर. रस्ट आणलंत तर मॅच्युरिन. पण आत्ता बॅकएंडही बदललात तर काही बिघडल्यावर दोष स्थलांतराचा की नव्या साधनाचा, हे सांगता येणार नाही.

शेवटी कामाचा क्रम. टॉमलला हात लावण्याआधी आजच्या सेटअप.पायमधून एक व्हील बांधा आणि बाजूला ठेवा. व्हील म्हणजे झिप फाईल. उघडा, आतल्या फाईल्सची यादी आणि डिस्ट-इन्फो फोल्डरमधली मेटाडेटा फाईल काढून ठेवा. स्थलांतर करा, पुन्हा बांधा, दोन्ही याद्या डिफला लावा. मेटाडेटात पायविन३२ची नवी ओळ दिसेल, लायसन्सची ओळ बदलेल. ते अपेक्षितच आहे. बाकी जो फरक दिसेल त्या प्रत्येकाचं कारण तुम्हाला सांगता आलं पाहिजे. मग रिकाम्या एन्व्हायरनमेंटमध्ये, रेपोच्या बाहेरच्या फोल्डरमधून, ते व्हील इन्स्टॉल करून एक अहवाल काढून बघा. हीच पायरी बिल्ड सर्व्हरवर कायमची लावून टाका, लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर.